पावसाळी रानफुलांचे कंद नाशिकच्या बागेत कसे लावायचे (आणि डिसेंबरात कुंडी का रिकामी करायची नाही)

दिवाळी झाली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच, "अगं तू दिलेली कळलावी गेली गं, पानं पिवळी पडली, रोज पाणी घातलं, थोडा युरियापण टाकला, तरी गेली." ती गेलेली नसते, झोपायला निघालेली असते, आणि मग त्या रोजच्या पाण्याने आणि युरियाने खरोखरच जाते. उरलेले लोक तिला मेलेली समजून कुंडी उलटी करतात आणि त्याच मातीत शेवंती लावतात.

म्हणून हे सगळं एकदा नीट क्रमाने लिहिते. आपल्याकडे जंगलातल्या जमिनीवरची फुलं पहिल्या पावसाला उगवतात, सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत सगळं उरकतात आणि उरलेले सात-आठ महिने जमिनीखाली कंद होऊन पडून राहतात. जास्वंद बारा महिने हिरवी, तसं यांचं नाही. त्यामुळे यातली निम्मी मेहनत लावण्यात आहे आणि निम्मी हात न लावण्यात आहे, आणि ही दुसरी निम्मी लोकांना जास्त जड जाते.

## पायरी १: आधी झाड ठरवा

पहिल्या वर्षी दोन किंवा तीनच प्रकार घ्या, दहा नको.

कळलावी. वेल आहे, पानाच्या टोकाची तार होते आणि तीच आधाराला गुंडाळते. फूल आधी हिरवट-पिवळं, मग लाल, पाकळ्या मागे वळलेल्या ज्वाळेसारख्या, म्हणून अग्निशिखा. माणसाच्या उंचीएवढी सहज जाते. दिसायला सगळ्यात भारी आणि सगळ्यात विषारी, त्याबद्दल खाली सांगते.

रानहळद. सुरुवात करायला हीच घ्या. पानं हळदीसारखी, फुलाच्या दांड्यावर वर गुलाबी-जांभळट तुरा आणि त्याच्याखाली पिवळी फुलं. चुका माफ करणारं झाड आहे.

काळी मुसळी. गवतासारखी पानं आणि जमिनीला टेकलेली छोटी पिवळी चांदणीसारखी फुलं. वाकून बघितलं तरच दिसतात. पानाचं टोक मातीला टेकलं की तिथेच नवं रोप धरतं, हे बघायला मला फार मजा येते.

पांढरी मुसळीच्या जातीतली झाडं, म्हणजे ज्यांच्या कोवळ्या पानांची पहिल्या पावसात फोडशी किंवा कुलूची भाजी करतात ती. पांढऱ्या फुलांची सरळ दांडी येते.

शेवळा. हौशी लोकांसाठी. आधी फुलाचा दांडा येतो, पान नंतर. फुलल्यावर वास येतो, आणि वास म्हणजे सुवास नाही. खिडकीखाली लावू नका.

याच्या जोडीला तेरडा बियांपासून. तो कंदाचा नाही, एका पावसाळ्याचा पाहुणा आहे, पण कंदाची झाडं अजून छोटी असतात तेव्हा वाफा भरलेला दिसतो आणि गौरीला दारचा तेरडा मिळतो. नर्सरीतला भरगच्च गुलाबासारखा तेरडा नाही, रानातला साधा गुलाबी घ्या.

सोनकीचं खूप जण विचारतात. ती डोंगराच्या उघड्या उतारावरची, तिला भरपूर ऊन लागतं, झाडाखालच्या वाफ्यात ती लांबडी होऊन आडवी पडते. तिचा नाद इथे सोडा. तसंच आमरी, म्हणजे जमिनीवरची ऑर्किडं. त्यांना मातीतल्या ठराविक बुरशीची साथ लागते, घरी आणली की बहुतेकदा एखादं वर्ष तग धरतात आणि संपतात.

⚠ थांबा: घरात लहान मूल असेल किंवा सगळं चावणारं कुत्रं असेल तर कळलावी लावूच नका. तिच्या सगळ्या भागात कोल्चिसीन नावाचं विष असतं आणि कंदात ते जास्त असतं. कंद दिसतो रताळ्याच्या किंवा कोनफळाच्या तुकड्यासारखा, म्हणून तो स्वयंपाकघरात, कांदे-बटाट्याच्या टोपलीजवळ, कधीच ठेवायचा नाही. कुणाच्या पोटात गेलाच तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ हॉस्पिटल, आणि झाडाचा तुकडा बरोबर घेऊन जा म्हणजे डॉक्टरांना कळेल.

## पायरी २: कंद मिळवा, पण जंगलातून नाही

अंजनेरी, ब्रह्मगिरी, हरिहर, जिथे जाल तिथून "एकच कंद" आणायचा मोह होतो, मला पण झालाय. आणायचा नाही. राखीव जंगलातून कंद-मुळं काढणं हा भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, ही एक गोष्ट. दुसरी म्हणजे अंजनेरीवर कंदीलफुलाची एक जात आहे जिला नावच अंजनेरीवरून दिलंय, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ साली ती जगाला पहिल्यांदा कळली. फूल नसताना कुठला कंद तिचा आणि कुठला साधा हे तुम्हा-आम्हाला ओळखता येणार नाही. आणि तिसरी गोष्ट एकदम व्यवहाराची: फुलावर असताना उपटलेला कंद जगत नाही, कारण त्या वेळी जुन्या कंदातलं सगळं वर गेलेलं असतं आणि नवा भरलेला नसतो.

मग मिळवायचा कुठून?

- ओळखीच्या शेतकऱ्याचा बांध. त्र्यंबक, पेठ, हरसूलकडे बांधावर रानहळद, कळलावी असते, आणि बऱ्याच जणांना ती काढूनच टाकायची असते. मालकाला विचारून घ्या.
- घर बांधायला घेतलेला प्लॉट. जेसीबी यायच्या आधी मालकाची परवानगी काढा आणि पावसाळ्यातच झाडांना काठ्या लावून खुणा करा, कारण नंतर जमिनीवर काहीच दिसत नाही. माझी अर्धी बाग अशाच एका प्लॉटवरून आलीये.
- औषधी वनस्पती लावणारे शेतकरी आणि देशी झाडांच्या नर्सरी. कळलावी आणि सफेद मुसळी औषधासाठी पिकवतात, त्यामुळे त्यांचे लागवडीचे कंद मिळतात.
- बागवाल्या मैत्रिणी. जानेवारी ते एप्रिल मागायचं, तेव्हा कंद झोपेत असतात आणि हलवले तरी त्यांना पत्ता लागत नाही.

✔ चेक: कंद हातात जड आणि टणक लागला पाहिजे. सुरकुत्या थोड्या चालतात, मऊ पडलेला भाग किंवा कुबट वास चालत नाही. आणि शक्य असेल तर फुलाचा फोटो मागा. मला एका नर्सरीने रानहळद म्हणून परदेशी शोभेची हळद दिली होती, फुलल्यावर कळलं, तोपर्यंत दोन वर्षं तिला मायेने वाढवून झाली होती.

कंद मिळाला की लगेच लावायचा नसेल तर कोरड्या वाळूत किंवा लाकडाच्या भुशात, कागदी पिशवीत किंवा उघड्या खोक्यात, सावलीत ठेवा. झाकणाचा प्लास्टिकचा डबा नको. मी सुरुवातीला तेच केलं, लेबल बिबल लावून मस्त बंद करून ठेवला, एप्रिलमध्ये उघडला तर आत काळा चिखल.

## पायरी ३: जागा

ही जंगलातली झाडं, पण आपलं जंगल पानगळीचं. म्हणजे उन्हाळ्यात वर छप्पर नाही आणि पावसाळ्यात हलकी सावली. बागेत तसंच शोधायचं: सकाळचं तीन-चार तास ऊन आणि दुपारी विरळ सावली. बहावा, कांचन, चाफा, सीताफळ यांच्याखाली उत्तम. दाट आंब्याखाली रानहळद पानं देते आणि फूल देत नाही. बांबूजवळ तर नकोच, मुळांचं जाळं काही शिल्लक ठेवत नाही.

त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न, तिथे उन्हाळ्यात पाणी पडतं का? लॉनच्या कडेला, गुलाबाच्या रांगेत, ठिबकच्या नळीखाली हे कंद लावायचे नाहीत. आपल्या नाशिकमध्ये घरोघरी ठिबक आणि त्याला टायमर, सकाळी सहाला आपोआप चालू. मार्च-एप्रिलमध्ये झोपलेल्या कंदाला रोजचं ते पाणी म्हणजे कुजायचं आमंत्रण. तिथेच लावायचं असेल तर निदान त्या जागेचा ड्रीपर बंद करा.

✔ निचऱ्याची टेस्ट: एक फूट खोल खड्डा करा, पाण्याने भरा, जिरू द्या, परत भरा आणि घड्याळ बघा. चार तासांनीही पाणी दिसत असेल तर त्या जमिनीत थेट लावू नका. आपल्याकडच्या काळ्या मातीत बहुतेक वेळा हेच होतं. मग विटा रचून नऊ इंच ते एक फूट उंच वाफा करा, किंवा सरळ कुंडीत लावा.

कुंडी दहा-बारा इंच रुंद आणि तेवढीच खोल, मातीची असेल तर उत्तम, आणि खाली भोकं मोकळी. गच्चीवर ठेवणार असाल तर पावसाळ्यात कुंडीखालची ताटली काढून ठेवा, नाहीतर कंद पाण्यात बसतो.

## पायरी ४: माती (एप्रिलमध्येच करून ठेवा)

मी वापरते ते प्रमाण:

- २ भाग लाल माती किंवा बारीक मुरूम
- १ भाग कुजलेल्या पानांचं खत
- १ भाग जाड वाळू

वाळूच्या जागी क्रश सँड घेतली तर आधी पाण्याने धुवा, तिच्यातली पावडर बसून सिमेंटसारखी होते. काळी माती घालायचीच असेल तर चौथ्या भागापेक्षा जास्त नको. कोकोपीट मी घालत नाही, जुलैमध्ये ते इतकं पाणी धरून ठेवतं की कंद गुदमरतो.

पानांचं खत विकतच्यापेक्षा घरचं करा. शिमग्याच्या आसपास पानं गळतात तेव्हा ती जाळू नका, गोणीत भरा, ओली करा, गोणीला भोकं पाडा, कोपऱ्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा ओलं करा. पावसाळा उलटेपर्यंत काळंभोर होतं, म्हणजे या वर्षीचं पुढच्या वर्षाला. सागाची आणि आंब्याची पानं जाड, ती वेळ घेतात, आधी चुरून टाका.

⚠ ताजं शेणखत, युरिया, डीएपी यातलं काहीही नको. ताज्या शेणाने कंद जळतो, हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते ती वेगळीच. आणि युरियाने पानं एवढी माजतात की फूल येतच नाही. जंगलात कोण युरिया टाकतं.

## पायरी ५: लावणी

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

कधी: मेच्या शेवटच्या आठवड्यापासून, म्हणजे रोहिणी लागल्या की, मृगापर्यंत. नाशिक शहरात पाऊस नीट धरायला जूनचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडतो, तोपर्यंत कंद जमिनीत हवा. जुलैमध्ये चिखलात लावलेला कंद अर्ध्या वेळा कुजतो.

कसं, एकेकाचं:

१. कळलावी. हातमोजे घाला. कंद इंग्रजी व्ही किंवा एल अक्षरासारखा असतो आणि डोळा फक्त टोकाला असतो. ते टोक मोडलं की तो तुकडा बहुतेक वाया. कंद आडवा ठेवायचा, उभा नाही, आणि वर दोन ते अडीच इंच माती. डोळा कुंडीच्या मध्याकडे करा, कारण कोंब तिथूनच येणार. आणि आधाराची काठी किंवा जाळी आत्ताच, कंद लावतानाच ठोका. नंतर वेल आल्यावर काठी खुपसली की ती कंदाच्या आरपार जाते, हे मी स्वतःच्या हाताने केलंय.

२. रानहळद. डोळे वर, दोन इंच खोल. मुळांना मण्यांसारख्या गाठी लोंबत असतात, त्या तोडू नका, ती तिची शिदोरी आहे. दोन गड्ड्यांत एक फूट अंतर.

३. पांढरी मुसळी. नुसती बोटासारखी मुळं लावून काही उगवत नाही. वरच्या चकतीचा, जिथून पानं फुटतात, तिचा तुकडा प्रत्येक मुळाला चिकटलेला पाहिजे. चकती मातीखाली जेमतेम एक इंच.

४. काळी मुसळी. मूळ सरळ उभं, मुळ्यासारखं. डोकं मातीच्या अगदी जवळ. खोल गेली तर फुलं मातीतच अडकतात.

५. शेवळा. गोल कंद, डोळा वर, चार इंच खोल. हाताला खाज सुटते, मोजे घाला.

६. तेरडा. सगळ्यात शेवटी. पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर बी वरून भुरभुरायचं आणि हाताने हलकं थोपटायचं. गाडायचं नाही.

लेबल लावा. खडूने किंवा मार्करने लिहिलेलं एका पावसात जातं. पेन्सिलने लिहिलेली प्लास्टिकची पट्टी टिकते, नाहीतर पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरा. लेबल नसलेला वाफा मार्चमध्ये रिकामा दिसतो आणि माळीमामा तिथे कुदळ मारतात, त्यांचा काय दोष.

लावल्यावर एकदाच पाणी, माती ओलसर होण्यापुरतं. मग पावसाची वाट बघायची.

⚠ वळवाची फसवणूक: मेमध्ये वळीव जोरात पडतो, कंदाला वाटतं आला पावसाळा, कोंब वर येतो, आणि मग पंधरा-वीस दिवस कोरडं ऊन. कोंब दिसला असेल तर आता माघार नाही, दोन-तीन दिवसाआड थोडं पाणी द्या आणि दुपारी सावली करा. कोंब दिसला नसेल तर काहीच करू नका.

## पायरी ६: पावसाळा

जून-जुलैमध्ये तुमचं काम कमी आणि गोगलगायींचं जास्त. कळलावीचा कोवळा कोंब एका रात्रीत खाऊन टाकतात, सकाळी नुसती खुंटी. रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन फिरा, चिमट्याने उचला, मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. मीठ झाडाजवळ टाकू नका, मातीची वाट लागते. सलग दहा-बारा रात्री केलं की फरक दिसतो.

निंदणी जुलै अर्धा होईपर्यंत करायची नाही. मुसळीची दोन्ही रोपं सुरुवातीला शंभर टक्के गवतासारखी दिसतात. ओळखायचं कसं तर हळूच मातीजवळ बोट घालून बघा, गवताला गाठी आणि तंतूसारखी मुळं, मुसळीच्या पानांचा तळाशी जुडगा. तरीही शंका असेल तर राहू द्या, थोडं गवत असलं तर बिघडत नाही.

मध्ये पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली तर पाणी द्या, बोटभर खोल माती कोरडी लागली की. शहरात पाऊस त्र्यंबक-इगतपुरीच्या मानाने फारच कमी, त्यामुळे डोंगरातलं झाड इथे ऑगस्टमध्ये तहानलेलं राहू शकतं.

कळलावीला बी धरायला हवं असेल तर थोडा हात लावावा लागतो. तिच्या फुलात स्त्रीकेसर एका बाजूला काटकोनात वळलेला असतो, आपल्याच परागांपासून लांब. सकाळी कापसाच्या काडीने दुसऱ्या झाडाच्या फुलातले पराग त्याच्या टोकाला लावा.

तेरड्याच्या शेंगा पिकल्या की हात लावताच फुटतात. बी हवं असेल तर शेंग फुगली की तिच्यावर जुन्या मलमलीची पुरचुंडी बांधा. रंग तीन दिवस असला तरी बी पुढच्या वर्षाला पुरतं.

## पायरी ७: झोप

हस्ताचा पाऊस संपला, ऑक्टोबर हीट सुरू झाली की पानं पिवळी पडायला लागतात. रोग नाही. त्याला काही करायचं नाही.

१. पिवळं दिसायला लागलं की पाणी निम्म्यावर आणा.
२. पानं कापू नका, ओढू नका. पान वाळताना त्याच्यातलं सगळं कंदात उतरत असतं. कळलावीत तर जुना कंद संपून दर वर्षी नवा तयार होतो, आणि तो भरतो याच शेवटच्या आठवड्यांत. दिवाळीची साफसफाई म्हणून हिरवट वेल कापली तर पुढच्या वर्षी कंद बारीक आणि फूल नाही.
३. पान स्वतःहून सुटलं, हलक्या हाताने उचलून आलं, की पाणी पूर्ण बंद. नोव्हेंबर ते मे, शून्य.
४. जमिनीतल्या वाफ्यावर वाळलेल्या पानांचा तीन-चार बोटं जाड थर पसरा. नाशिकची थंडी दहाच्या खाली गेली तरी मातीखालच्या कंदाला त्रास होत नाही, एप्रिलमधलं तापलेलं ऊन जास्त त्रास देतं, आणि हा थर त्यासाठीच.
५. कुंड्या गच्चीच्या उघड्या फरशीवरून उचलून जिन्याखाली किंवा भिंतीच्या सावलीत ठेवा, जिथे कुणी चुकून पाणी घालणार नाही. माझ्या सासूबाई दिसेल त्या कुंडीत तांदूळ धुतलेलं पाणी घालायच्या, शेवटी मी कुंड्यांवर पालथी ताटं ठेवायला लागले.

✔ चेक, फेब्रुवारीत एकदाच: मन राहवत नसेल तर कुंडीच्या कडेने बोट घालून कंद चाचपा. टणक असेल तर परत माती सारखी करा. रोज उकरून बघायचं नाही.

## पायरी ८: दुसरं वर्ष

पहिल्या वर्षी फूल आलं नाही तर जागा बदलू नका. हलवलेला कंद एक वर्ष बसायला घेतो, रानहळद पण. बियांपासून केलेली कळलावी तर फुलायला तीन-चार वर्षं घेते, पहिल्या वर्षी तिचं बोटभर रोप येऊन जातं, ते गवत समजून उपटू नका.

वाटणी दर तीन वर्षांनी, एप्रिलमध्ये, माती पूर्ण कोरडी असताना. गड्डा हाताने सोडवा, विळी-सुरी लागलीच तर कापलेल्या जागी राख चोळा आणि दोन दिवस सावलीत सुकवून मगच लावा. कळलावीचे दोन्ही डोळे शाबूत असतील तरच मधून दोन करा, नाहीतर आहे तशी राहू द्या.

आणि वाटणीत निघालेले जास्तीचे कंद कुणाला दिले तर सोबत चिठ्ठी द्या, त्यावर झाडाचं नाव, कळलावी असेल तर "विषारी" मोठ्या अक्षरात, आणि खाली "दिवाळीनंतर पाणी बंद". मी आता चिठ्ठी देतेच, वर दिवाळी झाली की फोनपण करते, तरी एक जण असतोच जो म्हणतो थोडंसंच घातलं हो.